पाय मारा, मास्तर

मास्तरांनी आमच्या मंडळीत सात वर्षं ऑर्गन वाजवला आणि त्या सात वर्षांत त्याला एकदाही ऑर्गन म्हटलं नाही. ते त्याला 'दमेकरी' म्हणायचे. रविवारी सकाळी मी हॉलचं कुलूप उघडत असायचे आणि हा माणूस माझ्या मागे उभा असायचा. "काय बाई, आज दमेकऱ्याची तब्येत कशी आहे?" एप्रिलच्या उकाड्यातसुद्धा काळा कोट, गळ्यात टाय आणि हातात थर्मास. थर्मासमध्ये चहा नाही, नुसतं गरम पाणी. ते झाकणात ओतून त्यात एकेक बोट बुडवत बसायचे, दहाही बोटं होईपर्यंत. उपासना नऊला आणि मास्तर सातला हजर.

"अहो मास्तर, देवसुद्धा अजून उठला नसेल," मी म्हणायचे.

"देवाला कुठं वाजवायचंय, बाई? मला वाजवायचंय."

वाशी तेव्हा नवीकोरी होती. खाडीवरचा पूल झाला होता, रेल्वे येणार येणार म्हणून आम्ही नुसतं ऐकत होतो. आमची मंडळी म्हणजे नगर, जालना, सोलापूरकडून आलेली पन्नासेक ख्रिस्ती कुटुंबं. पुरुष बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत, बायका नर्स नाहीतर माझ्यासारख्या शाळामास्तरणी. चर्चची इमारत नव्हती, एका शाळेचा हॉल रविवारपुरता मिळायचा. आणि ऑर्गन म्हणजे कुठल्याशा मिशनच्या बंगल्यातून टेम्पोत घालून आणलेली जुनी पायपेटी. खालच्या दोन फळ्या दोन्ही पायांनी आळीपाळीनं दाबत राहायच्या, म्हणजे आतला भाता भरतो आणि मग वर पट्टीवर बोट ठेवलं की सूर निघतो. पाय थांबले की सूर मेला. मी पंचकमिटीची चिटणीस होते, क्वायरही माझ्याच गळ्यात होती. सगळ्यांना कामाला लावायचं, सगळ्यांना बोलायचं, आणि पुन्हा 'बाई फार बोलतात' हे ऐकायचं, असा माझा रविवार असायचा.

आमची ऑर्गन वाजवणारी नर्स बदली होऊन गेली आणि आम्ही दोन महिने नुसत्या तोंडानं गात होतो. मी सूर द्यायचा, मंडळीनं तो आपापल्या सोयीनं घ्यायचा. एका रविवारी शेवटच्या गीताला मागच्या बाकावरून एक काळा कोट उठला, तरातरा पुढे आला आणि पायपेटीपुढे बसला. कोट मागून नीट झटकला, दोन्ही हात वर घेतले आणि दाणकन पट्ट्यांवर आपटले. काही नाही. पुन्हा आपटले. शुकशुकाट. माझ्याकडे वळून अगदी गंभीरपणे म्हणाले, "बाई, हे बंद पडलंय."

"बंद नाही पडलं. पाय मारा, मास्तर!"

सगळी मंडळी हसली. मास्तर हा शब्द माझ्या तोंडून सहज गेला होता. तो त्यांना कायमचा चिकटला.

मास्तर पियानोवाले. मुंबईत फोर्टातल्या एका मोठ्या हॉटेलात संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी वीस वर्षं पियानो वाजवलेला माणूस. मग हॉटेलवाल्यांनी टेपरेकॉर्डर आणला आणि मास्तर रिकामे झाले. वाशीला दुसऱ्या मजल्यावर घर मिळालं. त्यांनी स्वतःचा पियानो पुलावरून आणला, आणि तो जिन्याच्या पहिल्याच वळणावर अडकला. चार हमाल, दोन शेजारी आणि तासभर आरडाओरडा झाला, पण पियानो काही वळेना. शेवटी तो तळमजल्यावर जिन्याखाली ताडपत्री घालून ठेवला. खाली वाशीगावातली एक मावशी राहायची, मासळी विकायची. ती रोज विचारायची, "मास्तर, ह्यो कपाट कवा नेनार तुमी वरती?" मास्तर रोज सांगायचे, "नेऊ हां, मावशी." दोन पावसाळे खाडीची दमट हवा खाऊन त्या पियानोचं लाकूड फुगलं, पट्ट्या एकमेकींना चिकटल्या, आणि एक दिवस वाळवीची माती पायाशी पडलेली दिसली. त्यानंतरच्या रविवारी ते आमच्या मागच्या बाकावर येऊन बसले होते. हे मला वहिनींनी सांगितलं, म्हणजे त्यांच्या मिसेसनी. मास्तर स्वतः त्यातलं अवाक्षर बोलले नाहीत.

पियानोवाला पायपेटीवर बसला की काय होतं, हे ज्यानं ऐकलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. पियानोला जोरात मारलं की जोरात वाजतो. पायपेटीला बोटाचा जोर कळत नाही, तिला फक्त पायाचा कळतो. मास्तर बोटांनी धोपटायचे आणि पेटी आपली जेवढ्यास तेवढी. पियानोचं उजवं पेडल दाबून धरलं की सूर लांबतो. मास्तर सवयीनं इथंही उजवा पाय दाबून तसाच धरून ठेवायचे, डावा जागचा हलायचा नाही, आणि गीताच्या तिसऱ्या ओळीला पेटी 'हुं' करून बसायची. मंडळी पुढे गात जायची, मास्तर मागे हवा भरत राहायचे. क्वायरमधून मी हळूच म्हणायचे, "पाय, मास्तर, पाय!" आणि लांब सूर आला की यांना भरवसाच नसायचा की तो आपला आपण टिकेल. एकदा वाजवून पुन्हा वाजवायचे, पुन्हा वाजवायचे. प्रभुभोजनाच्या शांत वेळी टक टक टक, कुणी दार ठोठावतंय तसं. पाळकसाहेब भाकर मोडता मोडता डोळे मिटून सहन करायचे.

एकदा मी चिडून विचारलं, "अहो, सूर धरून ठेवा की! किती वेळा ठोकाल?"

त्यावर ते जे म्हणाले ते मला आजही पाठ आहे. "बाई, पियानोचा सूर आपल्या मरणानं मरतो. आपण नुसती हाक मारायची. हा दमेकरी मरतच नाही. याचा प्रत्येक सूर मला बोट उचलून मारावा लागतो. उपासनेत बसून मी दर रविवारी हजार जीव घेतो."

"काहीतरीच बोलता," मी म्हटलं. पण त्या दिवसापासून मला तो माणूस नुसता विक्षिप्त वाटेनासा झाला.

ते शिकले. साठीच्या घरातला माणूस, पण हट्ट असा की सोय नाही. एका बोटानं पट्टी दाबून धरायची आणि ती न सोडता त्याच पट्टीवर दुसरं बोट सरकवायचं, म्हणजे सूर तुटत नाही आणि पहिलं बोट पुढे जायला मोकळं होतं. हा पायपेटीचा मंत्र. मास्तर तो दिवसभर घोटायचे. पंचकमिटीच्या सभेत टेबलाच्या कडेवर. बसच्या दांड्यावर. एकदा एका मयताच्या घरी, सगळे प्रार्थनेत डोळे मिटून असताना, मी पाहिलं तर मास्तरांची बोटं शवपेटीच्या कडेवर सरकत होती. मी त्यांच्या हातावर चापट मारली. त्यांनी 'सॉरी' म्हटलं ते मला नाही, पेटीतल्याला.

पाय घरी घोटायचे. वहिनी सांगायच्या, "जेवताना टेबलाखाली सारखे पाय चालू. वरण हलतं ताटात. रात्री पांघरुणातसुद्धा. मी म्हटलं, अहो, झोपेत तरी थांबा." मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, "हसू नका हं बाई. घरात सोमवार ते शनिवार ते माझ्याशी दहा शब्द बोलत नाहीत. पियानो गेला तेव्हा मला वाटलं होतं, हा माणूस आता काही जगत नाही. तुमचा रविवार आहे म्हणून उठतात, दाढी करतात. तेवढा काढून घेऊ नका कधी."

"मी कशाला काढून घेऊ?" मी म्हटलं होतं.

पाचव्या वर्षीच्या उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, ते जमलं. दुपारी बारा ते तीनची उपासना, वधस्तंभावरचे सात उद्गार, आणि प्रत्येक उद्गारानंतर थोडा वेळ नुसता ऑर्गन. पंखे बंद पडलेले, माणसं घामानं निथळत होती. चौथ्या उद्गारानंतर मास्तरांनी एक खालचा सूर धरला आणि धरूनच ठेवला. ठोकला नाही, सोडला नाही. पाय इतके संथ की फळ्यांचा आवाज नाही. त्या एका सुरावर दुसरे सूर येत होते, जात होते, तो तसाच. मी तशी रडणारी बाई नाही, पण त्या दिवशी पदर तोंडाला लावावा लागला. नंतर बाहेर पायरीवर बसून बोटं चोळत ते म्हणाले, "बाई, आज पहिल्यांदाच मी पियानो वाजवत नव्हतो." त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मी उठले आणि त्यांना पाणी आणून दिलं.

आणि मग आमचे चांगले दिवस आले. मंडळीला स्वतःची जागा मिळाली, छोटंसं चर्च बांधून झालं, आणि कुवेतला असलेल्या एका कुटुंबानं भेट म्हणून नवा इलेक्ट्रिक ऑर्गन पाठवला. चकचकीत, बटणांचा. पाय मारायला नको, हवा भरायला नको. पंचकमिटीत सगळ्यात आधी हात कुणी वर केला? मी. जुनी पायपेटी शाळेच्या व्हरांड्यात राहिली होती, शाळेचे शिपाई रोज कटकट करत होते. नेरूळचा एक सुतार आमचे बाक करत होता. त्याला मी म्हटलं, "ती पेटी घेऊन जा, लाकूड जुनं सागवान आहे. त्यातून दाराजवळ गीतांची पुस्तकं ठेवायला एक मांडणी करून दे." त्यानं दिली. मी तिला तपकिरी ऑइलपेंट लावून घेतला. मास्तरांना मी सांगितलं नाही. विचारलं तर सांगू, असं मनात होतं. त्यांनी विचारलं नाही. त्यांना वाटलं, पेटी शाळेतच आहे. आणि दर रविवारी दारातून आत येताना ते त्याच मांडणीतून आपलं पुस्तक उचलायचे.

नवा ऑर्गन लाकडी चौथऱ्यावर ठेवला होता, आणि चौथरा आतून पोकळ. पहिल्याच रविवारी गीत सुरू झालं आणि त्याबरोबर धप, धप, धप, धप. मास्तरांचे पाय! समोर फळ्या नाहीत, भाता नाही, तरी दोन्ही पाय चालू. सहा वर्षं घोटलेले पाय थांबतात होय? त्यांनी बूट काढून बघितले, मोजे घालून बघितले, खाली सतरंजी घालून बघितली. पाय थांबवले की बोटं अडखळायची. पोरं खुदखुदायची, मग मोठीही. एकदा तर पाळकसाहेबांना उपदेशात थांबावं लागलं, कारण मास्तर वाजवत नव्हते तरी पाय चालू होते. वर्ष होत आलं तरी तेच.

मग तो शनिवार. क्वायरची प्रॅक्टिस होती, नाताळ तोंडावर आलेला, आणि धप धप धप. माझं डोकं आधीच फिरलेलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी सगळ्यांसमोर ओरडले, "मास्तर, बांधून ठेवा हो ते पाय एकदाचे!"

क्वायर खो खो हसली. मास्तरही हसले. "बरं बाई," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मास्तर टायशिवाय आले. सात वर्षांत पहिल्यांदा. माझ्या लक्षात आलं, पण नाताळची गडबड, मी मनात म्हटलं, असेल काहीतरी. त्या दिवशी धप धप नव्हतं. वाजवलंही बरं. मंडळी खूश, पाळकसाहेब खूश, मी तर मनात म्हटलं, बघा, बोलल्याशिवाय माणूस सुधारत नाही. शेवटी आशीर्वादाला पाळकसाहेबांनी हात वर केला. सगळे उभे राहिले. मास्तर आशीर्वादाला नेहमी उभे राहायचे, डोळे मिटून. तसे ते उठले, आणि स्टुलासकट चौथऱ्यावरून खाली कोसळले. आम्ही धावलो. दोन्ही घोटे टायनं स्टुलाच्या आडव्या दांडीला बांधलेले होते. घट्ट गाठी. त्या सोडवताना माझी नखं तुटली. उजवा हात अंगाखाली आला होता.

"बाई," ते जमिनीवरून म्हणाले, "पाय नाही ना वाजले?"

मनगट दोन जागी मोडलं होतं. प्लास्टर निघालं तेव्हा हाड वाकडं बसलेलं, आणि अंगठा सोडून बाकीची बोटं अर्ध्यावरच थांबायची. नाताळला एका कॉलेजच्या मुलीनं बटणं दाबून गीतं वाजवली आणि सगळं सुरळीत पार पडलं. कुणी मला काही बोललं नाही. कोण बोलणार? सगळेच हसले होते. पण बोलले होते मी.

मी भेटायला गेले. मास्तर खुर्चीत बसले होते, डावा हात मांडीवर, पाय जमिनीवर चालू. मी काहीतरी बोलायला सुरुवात केली, माफी वगैरे, त्यांनी ते ऐकलंच नाही.

"बाई, उजवा गेला. डावा आहे. पाय तर आहेतच आहेत. त्या यंत्राला मी नको, आणि मंडळीला दमेकरी नको. मग तो दमेकरी मला आणून द्या की. शाळेत पडलाय ना? इथं ठेवतो, या भिंतीला. ती पेटी काही पियानोएवढी नाही, जिन्यातून येईल. एका हातानं वाजवीन. हळूहळू वाजवीन. काही नाही तर एक सूर धरीन." आणि माझ्याकडे असे बघायला लागले की मला खाली बघावं लागलं. "एवढं करा. मग मी तुमच्याकडे काही मागणार नाही."

त्या क्षणी सांगायला हवं होतं, मास्तर, पेटी नाही, मी ती मोडून घेतली, तुम्ही वर्षभर तिच्यातूनच पुस्तक घेताय. सांगायला हवं होतं. देवा, जिभेनं एवढी माणसं दुखावली मी आयुष्यात, तेव्हाच नेमकी ती मुकी झाली. मी म्हटलं, "आणते. टेम्पोचं बघते."

ते लगेच वहिनींना म्हणाले, "अगं, ती खाट काढ इथून. जागा लागेल." पुढच्या आठवड्यात त्यांनी खाट शेजाऱ्यांना देऊनसुद्धा टाकली. वहिनी जमिनीवर झोपायला लागल्या.

मी दुसरी पायपेटी शोधली नाही असं नाही. नगरला पत्र टाकलं, जालन्याला टाकलं. एका पाळकांनी कळवलं की त्यांच्याकडचीही उंदरांनी खाल्ली. मग मी थापा मारायला लागले. टेम्पोवाला उरणला गेलाय. टेम्पोचं काम निघालंय. शाळेला सुट्टी आहे, किल्ली नाही. वहिनी बाजारात भेटायच्या आणि सांगायच्या, "दर रविवारी सकाळी कोट घालून बसतात. टेम्पो येईल म्हणतात." मी घाईत असल्याचं दाखवून सटकायचे. पुढे पुढे मी त्यांच्या गल्लीतून जाणंच सोडलं. लांबचा रस्ता धरायचे, उन्हातून, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन. सव्वा वर्ष मी तो रस्ता चालले. रविवारी चर्चमध्ये मांडणीतून पुस्तक घ्यायचंही टाळायचे, घरूनच माझं आणायचे.

मास्तर एका मंगळवारी दुपारी गेले, बसल्या जागी. दफनाला वाजवायला काही नव्हतंच, मी सूर दिला आणि मंडळी गायली. माझा आवाज चढला तो उतरेना, कुणालाच झेपेना, पण तसंच रेटून नेलं. माती टाकून झाली. लोक पांगायला लागले तशा वहिनी माझ्याजवळ आल्या आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला.

"बाई, तुमचे फार उपकार झाले."

मला वाटलं, टोमणा आहे. असता तर बरं झालं असतं.

"पाळकसाहेब मागे घरी येऊन सांगून गेले होते," त्या म्हणाल्या, "की ती पेटी केव्हाच मोडली, तिची आशा धरू नका. मास्तरांनी ऐकलं नाही. म्हणाले, पाळकांना काय माहीत? आमच्या बाईंनी आणते म्हटलंय. जी बाई चारचौघांत मला पाय बांध म्हणून सांगते, ती माझ्याशी खोटं कशाला बोलेल? मलाही ते पटलं. त्या आशेवर गेले बघा हे सव्वा वर्ष."

आत्ता सांग, मी स्वतःला म्हणत होते, आत्ता तरी सांग.

वहिनींनी डोळे पुसले. "त्या टेम्पोवाल्याला आता नको म्हणून कळवा हं, बाई. बिचारा उगाच पेटी घेऊन यायचा."

"कळवते," मी म्हटलं.